स्तनातील गाठ : सोनोग्राफी काय सांगते, काय सांगत नाही



आपल्या व्याख्यानमालेत संतसाहित्य, नाटक, इतिहास, सीमाप्रश्न असे विषय आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. आजचा विषय त्या मानाने वेगळा आहे, आणि तो बहुतेक घरांत मोठ्याने बोललाही जात नाही. म्हणूनच तो या व्यासपीठावर मांडावा असे वाटले.

‘गाठ’ हा आपल्या भाषेतला मोठा कामाचा शब्द आहे. लग्नगाठ आपण बांधतो, मनाशी खूणगाठ बांधतो, अनुभव गाठीशी ठेवतो, पाहुण्यांच्या गाठीभेटी घेतो. पण अंगाला हात लागून गाठ जाणवली, की हा शब्द एकदम एकाच अर्थाचा होऊन बसतो. मग एखादी बाई घाबरून दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठते. पण पुष्कळ जणी काय करतात, ते आपल्याला ठाऊक आहे. त्या अंगावर काढतात. ‘दुखत नाही ना, मग बघू,’ ‘मुलीचे लग्न उरकू दे,’ ‘गणपती होऊन जाऊ देत,’ ‘ह्यांना कशाला सांगायचे’ असे करत महिने जातात. आजच्या व्याख्यानाचा खरा विषय हे गेलेले महिने आहेत. गाठ म्हणजे काय, ती कशी ओळखतात आणि त्यात सोनोग्राफीचे काम किती, हे एकदा नीट समजले, तर त्यातले काही महिने तरी वाचतील.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. स्तनात जाणवणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. कोणती आहे आणि कोणती नाही, हे मात्र बोटांनी चाचपून, दुखते की नाही यावरून किंवा शेजारणीच्या अनुभवावरून ठरवता येत नाही. ते ठरवण्याची एक सरळ रीत आहे.

कारखान्यातून आलेले यंत्र

उद्यमबागेत राहणाऱ्या किंवा तिथे नोकरी केलेल्या माणसाला सोनोग्राफी समजावून सांगणे सोपे आहे, कारण तिचे मूळ तत्त्व त्याने कारखान्यात पाहिलेले असते. फौंड्रीतून कास्टिंग बाहेर आले, की वरून ते गुळगुळीत दिसते. आत मात्र ब्लो होल किंवा आकसल्याची पोकळी राहिलेली असू शकते. ती शोधण्यासाठी नग कापला, तर नगच वाया जातो. म्हणून महत्त्वाच्या नगांवर ग्रीस किंवा तेल लावून त्यावर एक लहानसा प्रोब फिरवतात. प्रोबमधून कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी धातूत शिरतात आणि आतल्या पोकळीवर आपटून परत येतात. परत यायला किती वेळ लागला यावरून दोष किती खोल आहे हे पडद्यावर कळते. यालाच अल्ट्रासोनिक टेस्टिंग म्हणतात.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या फ्लॉइड फायरस्टोन यांना धातूतील दोष शोधणाऱ्या अशा यंत्राचे पेटंट १९४२ साली मिळाले. पुढे स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विद्यापीठात स्त्रीरोग शाखेचे प्राध्यापक असलेले इयान डोनाल्ड यांच्या मनात आले की, लोखंडाच्या पोटातले दिसते तर माणसाच्या पोटातले का दिसू नये? शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भाशयाच्या गाठी आणि एक पाण्याची गाठ मोटारीत घालून २१ जुलै १९५५ रोजी ते रेनफ्रू येथील बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. तिथल्या धातू तपासायच्या यंत्राखाली त्यांनी त्या गाठी ठेवल्या. तुलनेसाठी कारखान्यानेच गोमांसाचा एक मोठा तुकडा आणून दिला. पाण्याची गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी स्पष्ट वेगळे उमटले. १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि सोनोग्राफी दवाखान्यात रुजू लागली.

स्तनाच्या बाबतीत मात्र त्याच्याही आधी काम सुरू झाले होते. मूळचे इंग्रज शल्यचिकित्सक जॉन वाइल्ड हे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मिनेसोटात स्थायिक झाले होते. रडार चालवणाऱ्यांना शिकवण्यासाठी नौदलाने बनवलेले एक यंत्र त्यांना वापरायला मिळाले. १९५१–५२ च्या सुमारास त्यांनी अभियंता जॉन रीड यांच्याबरोबर जिवंत स्त्रीच्या स्तनातील गाठींवर अशा लहरी सोडून पाहिल्या. कर्करोगाची गाठ आणि साधी गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, असे त्यांनी मांडले. म्हणजे आपण ज्या तपासणीला गरोदर बाईची तपासणी समजतो, तिच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक काम स्तनातील गाठीचे होते.

खोलीत काय होते

माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. स्तनाच्या सोनोग्राफीत वापरल्या जाणाऱ्या लहरी सेकंदाला एक कोटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक कंपनांच्या असतात. मऊ अवयवांतून ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. पोलादात तोच वेग जवळपास ५९०० मीटर असतो. कंपने जितकी जास्त, तितके बारीक दिसते, पण तितके खोल जाता येत नाही. कारखान्यातही हाच नियम आहे. ग्रे कास्ट आयर्नमध्ये ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे लहरी विखुरतात, म्हणून तिथे कमी कंपनांचा प्रोब घ्यावा लागतो. स्तन हा वरवरचा अवयव असल्यामुळे जास्त कंपनांचा प्रोब चालतो आणि काही मिलिमीटरची गाठही दिसू शकते.

कास्टिंगवर ग्रीस लावतात तसे इथे त्वचेवर जेल लावतात. मधे हवा राहिली तर लहरी आत शिरतच नाहीत, एवढेच त्याचे कारण. या तपासणीत क्ष-किरण नसतात. उपाशी राहावे लागत नाही. पोटाच्या सोनोग्राफीसारखे भरपूर पाणी पिऊन लघवी धरून बसावे लागत नाही. उताणे झोपून, ज्या बाजूची तपासणी आहे तो हात डोक्यावर घ्यायचा, म्हणजे स्तन छातीवर पसरून पातळ होतो आणि आतपर्यंत नीट दिसते. दोन्ही स्तन आणि काखा पाहायला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. काख पाहायची कारण तिथल्या लसीका ग्रंथी वाढल्या आहेत का, हे कळावे लागते.

या वेळी बाईने एक गोष्ट जरूर करावी. गाठ जिथे लागते तिथे स्वतःचे बोट ठेवून दाखवावे. ‘इथे, डॉक्टर,’ एवढे म्हटले तरी पुरे. तपासणारा प्रोब नेमका तिथे ठेवतो आणि बोटाखाली काय आहे हे पाहतो. संकोचाने गप्प राहिले तर तपासणी होते, पण तिच्या मनातल्या प्रश्नाचे उत्तर मिळेलच असे नाही. जुने रिपोर्ट आणि फिल्म असतील तर बरोबर न्याव्यात. तपासणारा पुरुष असेल तर खोलीत एखादी परिचारिका किंवा घरची बाईमाणूस असावी, असे मोकळेपणाने सांगावे. त्यात वावगे काही नाही.

आपल्याकडे सोनोग्राफीच्या दारावर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ असा फलक असतो. १९९४ च्या कायद्याने तो बंधनकारक केला आहे आणि यंत्राची, केंद्राची नोंदणीही आवश्यक आहे. त्यामुळे सोनोग्राफी म्हणजे पोटुशी बाईची तपासणी, असे मनात पक्के बसले आहे. पन्नाशीच्या बाईला ‘सोनोग्राफीला चल’ म्हटले की ती आधी लाजते. तिला सांगायला हवे की हे यंत्र पित्ताशयाचे खडे, मूत्रपिंडे, थायरॉइड पाहते, तसेच स्तनही पाहते.

पडद्यावरची गाठ

पडद्यावर सगळे काळ्या-करड्या-पांढऱ्या छटांत दिसते. चरबी करडी, दूधग्रंथींचा भाग पांढुरका आणि पाणी काळे कुळकुळीत. गाठ सापडली की पहिला प्रश्न हा की ती पाण्याची आहे की भरीव.

पाण्याच्या गाठीला सिस्ट म्हणतात. ती गोल किंवा लांबट, पातळ भिंतीची, आतून पूर्ण काळी असते आणि तिच्या मागचा भाग जास्त उजळ दिसतो, कारण पाण्यातून लहरी फारशा न थकता पलीकडे जातात. चाळिशीच्या आसपास, मासिक पाळी थांबण्याच्या आधीच्या वर्षांत अशा गाठी पुष्कळ आढळतात. ही सगळी लक्षणे असलेली साधी सिस्ट निर्धोक असते. दुखत असेल तर सुईने पाणी काढता येते, नाहीतर तशीच सोडता येते. इथे सोनोग्राफीचा निकाल इतका पक्का असतो की पुढे काही करावे लागत नाही. सिस्टच्या आत भरीव भाग दिसला किंवा भिंत जाड असली, तर मात्र ती ‘साधी’ राहत नाही आणि पुढे तपासावी लागते.

भरीव गाठींत तरुण मुलींत नेहमी आढळणारी गाठ म्हणजे फायब्रोॲडिनोमा. बोटाखाली ती गोटीसारखी सटकते. पडद्यावर तिची कड गुळगुळीत, आकार लांबट आणि ती त्वचेला समांतर आडवी पसरलेली असते. कर्करोगाची गाठ बहुधा याच्या उलट दिसते : कड खडबडीत किंवा टोकेरी, आकार वेडावाकडा, रुंदीपेक्षा उंची जास्त. साधी गाठ स्तनातील पदर बाजूला सारत त्यांच्यामधून आडवी वाढते, तर कर्करोग ते पदर छेदत वाढतो, म्हणून तो उभा दिसतो. पुष्कळदा त्याच्या मागे सावली पडते.

१९९५ पर्यंत सोनोग्राफीने पाणी आणि भरीव एवढाच फरक सांगावा, भरीव गाठींबद्दल तिने बोलू नये, असा सर्वसाधारण समज होता. त्या वर्षी अमेरिकेतील थॉमस स्टॅव्हरॉस आणि सहकाऱ्यांनी ७५० भरीव गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १२५ गाठी कर्करोगाच्या निघाल्या. वरील लक्षणे काटेकोर लावून त्यांनी ४२४ गाठी निर्धोक म्हणून वेगळ्या काढल्या होत्या. बायोप्सीत त्यांतल्या फक्त २ कर्करोगाच्या ठरल्या. तेव्हापासून या तपासणीचा दर्जा वाढला. पण त्या दोन गाठीही विसरू नयेत. डोळ्यांनी पाहून शंभर टक्के खात्री देता येत नाही, हेच त्या सांगतात.

रिपोर्ट कसा वाचावा

रिपोर्ट इंग्रजीत येतो आणि घरी आल्यावर मुलगा किंवा नात मोबाइलवर एकेक शब्द शोधत बसते. त्यातून उगाच घबराट होते. म्हणून थोडे समजून घेऊ.

रिपोर्टमध्ये गाठीची जागा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे लिहितात. ‘दहा वाजता, स्तनाग्रापासून तीन सेंटिमीटर’ असे लिहिले असेल तर समोरून पाहताना घड्याळाच्या दहाच्या दिशेला, एवढाच त्याचा अर्थ. पुढे गाठीचे माप मिलिमीटरमध्ये असते. ‘हायपोएकोइक’ म्हणजे आजूबाजूच्या भागापेक्षा काळसर. साध्या फायब्रोॲडिनोमालाही हा शब्द लागतो, त्यामुळे तो वाचून घाबरू नये.

शेवटी ‘बायरॅड्स’ नावाची श्रेणी असते. अमेरिकेतील रेडिऑलॉजी महाविद्यालयाने ती १९९३ साली मॅमोग्राफीसाठी तयार केली आणि २००३ साली सोनोग्राफीलाही लागू केली. १ म्हणजे काही दोष नाही. २ म्हणजे निर्धोक गोष्ट आहे. ३ म्हणजे बहुधा निर्धोक, कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांपर्यंत. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. ४ म्हणजे संशय आहे, बायोप्सी करावी. तिचे ए, बी, सी असे तीन भाग आहेत आणि शक्यता दोन टक्क्यांपासून पंचाण्णव टक्क्यांपर्यंत वाढत जाते. ५ म्हणजे पंचाण्णव टक्के किंवा अधिक शक्यता. ६ ही श्रेणी बायोप्सीने कर्करोग आधीच सिद्ध झालेल्यांसाठी आहे. ० म्हणजे आणखी तपासणी केल्याशिवाय सांगता येत नाही; ‘काही नाही’ असा त्याचा अर्थ नव्हे.

इथे एक गैरसमज फार ताप देतो. ‘कॅटेगरी ४’ वाचून घरचे लोक ‘चौथी स्टेज’ समजतात आणि रडारड सुरू होते. श्रेणी आणि स्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रेणी चित्रावरून संशय किती ते सांगते. स्टेज कर्करोग सिद्ध झाल्यावर तो किती पसरला ते सांगते. श्रेणी ४ ए च्या गाठींत नव्वद किंवा त्याहून अधिक टक्के गाठी कर्करोगाच्या नसतात. उलट, श्रेणी ३ चा रिपोर्ट मिळाल्यावर ‘काही नाही निघाले’ म्हणून फाइल कपाटावर टाकणे आणि सहा महिन्यांची तारीख चुकवणे हीही मोठी चूक आहे.

वय आणि मॅमोग्राफी

‘मॅमोग्राफी चांगली की सोनोग्राफी?’ असे नेहमी विचारले जाते. या दोन तपासण्यांचे काम वेगळे आहे. तरुण वयात स्तनातील ग्रंथींचा भाग दाट असतो आणि मॅमोग्राफीत तो पांढरा दिसतो. गाठही पांढरीच दिसते. मग पांढऱ्यात पांढरे सापडणार कसे? म्हणून गाठ जाणवणाऱ्या तिशीखालील मुलीची आधी सोनोग्राफी करतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईचीही आधी सोनोग्राफीच. चाळिशीनंतर गाठ लागली तर आधी मॅमोग्राफी आणि जोडीला सोनोग्राफी. तीस ते चाळीसच्या दरम्यान डॉक्टर परिस्थिती पाहून ठरवतात.

सोनोग्राफीला एक गोष्ट नीट दिसत नाही, ती म्हणजे कॅल्शियमचे बारीक कण. काही कर्करोगांची पहिली खूण तेवढीच असते आणि ती मॅमोग्राफीत दिसते. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या बाईने ‘मॅमोग्राफीत दाबतात, दुखते, त्यापेक्षा सोनोग्राफीच करते’ असे परस्पर ठरवू नये. जपानमध्ये चाळीस ते एकोणपन्नास वयाच्या सुमारे ७३ हजार स्त्रियांवर केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. मॅमोग्राफीच्या जोडीला सोनोग्राफी केल्यावर कर्करोग पकडण्याचे प्रमाण ७७ वरून ९१ टक्क्यांवर गेले. त्याबरोबर, पुढे निर्धोक ठरणाऱ्या संशयांमुळे जादा तपासण्यांना सामोरे जाणाऱ्या स्त्रियांची संख्याही वाढली.

सोनोग्राफीची दुसरी मर्यादा अशी की ती करणाऱ्याच्या हातावर आणि डोळ्यावर फार अवलंबून असते. लेथ एकच असला तरी जुना कारागीर आणि शिकाऊ मुलगा यांच्या कामात फरक पडतो, तसेच हे आहे. स्तनाच्या तपासणीचा सराव असलेल्या केंद्रात जाणे चांगले.

अंगावर पाजणाऱ्या आईबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. दूध साचून गाठ होते, गळू होते, हे खरे. पण ‘दुधाची गाठ आहे’ असे गृहीत धरून महिनोन्‌महिने शेकत बसू नये. बाळाला पाजून किंवा दूध काढूनही जी गाठ दोन आठवड्यांत जात नाही, तिची सोनोग्राफी करून घ्यावी. त्यासाठी पाजणे थांबवावे लागत नाही.

पुरुषांनाही, क्वचित का होईना, स्तनाचा कर्करोग होतो. स्तनाग्राखाली कडक गाठ लागली, तर आजोबांनीही ती दाखवावी.

सुईची भीती

स्तनातील गाठीचे निदान तीन पायांवर उभे असते : डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीचे चित्र आणि गरज पडली तर सुईने काढलेला तुकडा. तिन्ही एकमेकांशी जुळायला हवेत. गाठ हाताला लागते आहे, पण मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही स्वच्छ आहेत, अशा वेळी काही गंभीर नसण्याची शक्यता वेगवेगळ्या पाहण्यांत ९७ ते १०० टक्के दिसली आहे. तरीही डॉक्टरांच्या हाताला संशय वाटला, तर ते तुकडा काढायला सांगतात आणि ते बरोबरच आहे.

‘सुई टोचली की गाठ पसरते’ हे वाक्य आपल्याकडे घराघरांत ऐकू येते. या भीतीने बायोप्सी नाकारणाऱ्या बाईचे नुकसान होते. सुईने कर्करोग अंगभर पसरतो याला आधार नाही. जगभर हीच पद्धत वापरली जाते. जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक गाठीत शिरताना पाहत, बारीक दोऱ्यासारखे तीन-चार तुकडे काढतात. यंत्राचा ‘टक्’ असा आवाज येतो, त्याची कल्पना आधी दिली तर बाई दचकत नाही. त्याच दिवशी घरी जाता येते.

हा तुकडा महत्त्वाचा का? कर्करोग असेल तर तो कोणत्या प्रकारचा, त्याला संप्रेरकांच्या गोळ्या लागू पडतील का, आधी औषध द्यायचे की आधी शस्त्रक्रिया, हे सगळे त्यावर ठरते. म्हणून ‘आधी गाठ काढून टाकू, मग बघू काय ते’ अशी घाई करू नये. आधी सुई, मग निर्णय, आणि लागली तरच सुरी. निर्धोक निघाली तर अनेकदा सुरी लागतच नाही.

मुंबईच्या वस्त्यांनी शिकवलेले

जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया दगावल्या. आपल्या देशातील स्त्रियांत हाच कर्करोग आता सर्वाधिक आढळतो. एवढ्या सगळ्यांची मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दरवर्षी करायची, तर यंत्रे आणि डॉक्टर पुरणार नाहीत. मग काय करावे?

याचे एक उत्तर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने शोधले. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांना घेऊन अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. अशा चार फेऱ्या झाल्या. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश नियतकालिकात आले. तपासणी झालेल्या वस्त्यांत तिसऱ्या आणि चौथ्या स्टेजचे प्रमाण ३७ टक्के होते, तर इतरत्र ४७ टक्के. पन्नास किंवा त्याहून जास्त वयाच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. सगळ्या वयांचा एकत्र विचार केला तर घट १५ टक्के दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेशी उतरली नाही. पन्नाशीखाली मृत्यूंत फरक दिसला नाही. हे नमूद करायलाच हवे.

या अभ्यासाचा आपल्यासाठी अर्थ साधा आहे. गाठ शोधायला पहिल्यांदा यंत्र लागत नाही. शिकलेले हात लागतात. यंत्राचे काम सापडलेल्या गाठीचा उलगडा करणे हे आहे. सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यातही ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी हाताने तपासणी करावी असे सांगितले आहे. आशाताई किंवा परिचारिका ‘तपासणीला या’ म्हणाल्या, तर त्यांना परत पाठवू नका.

आपल्या भागात

बेळगावात तपासणीची सोय नाही असे आता म्हणता येणार नाही. जिल्हा रुग्णालय आहे, केएलईचे रुग्णालय आहे, मिरज आणि कोल्हापूर निपाणीकरांना जवळ आहेत. १९४१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा रुग्णालयापर्यंत सगळ्यांनी धाव घेण्याची गरज नाही; निदानाची पहिली पायरी इथेच पार पडते. अडचण आहे ती घराच्या उंबऱ्यापासून सोनोग्राफीच्या दारापर्यंतच्या वाटेत. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईचा एक दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. वडगावात मागावर बसणाऱ्या बाईचेही तेच. आणि उद्यमबागेत शिफ्टला जाणाऱ्या नवऱ्याला, मुलाला घरात काय चालले आहे याचा पत्ताच नसतो.

भाषेचीही अडचण असते. आपल्या घरातल्या थोरल्या बाईला मराठीत जे सांगायलाही लाज वाटते, ते कन्नड किंवा इंग्रजीत अनोळखी माणसासमोर कसे सांगणार? बरोबर जाणाऱ्या मुलाला किंवा सुनेला आधीच सगळे नीट सांगून ठेवावे : गाठ कधीपासून, कोणत्या बाजूला, वाढते आहे का, स्तनाग्र आत ओढले गेले आहे का, त्यातून रक्त येते का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली आहे का, खळी पडली आहे का, काखेत काही लागते का, घरात आई-मावशी-बहिणीला हा आजार होता का. हे एका कागदावर लिहून नेले, तर कोणत्याही भाषेच्या डॉक्टरसमोर अडायला होत नाही.

आणि पुरुषांना दोन शब्द. फौंड्रीत कास्टिंगबद्दल शंका आली तर आपण ते तसेच गाडीत भरून पाठवत नाही. ‘पार्टीला कळेल’ म्हणून दोष लपवत नाही; बाजूला काढतो, तपासतो आणि मगच निर्णय घेतो. घरातल्या बाईने गाठीबद्दल सांगितले, तर ‘काही नसेल गं’ म्हणून बोलणे संपवू नका. तिला त्यातून धीर येतो, पण तपासणी लांबते. ‘या आठवड्यात जाऊन येऊ’ असे म्हणा आणि तिच्याबरोबर जा.

उचगाव, कडोली, येळ्ळूर अशा आपल्या गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात आणि त्यांना हजारो माणसे, त्यांत बायाबापड्याही, येतात. पुढच्या संमेलनांत एक तास या विषयाला द्यावा, अशी माझी विनंती आहे. ज्या भाषेत आपण ओव्या म्हटल्या, तिच्यात आपल्या शरीराबद्दल सरळ बोलायलाही आपण शिकायला हवे.

निघताना एवढेच लक्षात ठेवा. गाठ लागली तर दोन आठवड्यांच्या आत डॉक्टरांचा हात लागू द्या. त्यांनी सांगितलेली सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करून घ्या. रिपोर्ट ३ असेल तर पुढची तारीख दिनदर्शिकेवर लिहा; ४ किंवा ५ असेल तर सुईला घाबरू नका. न दुखणारी गाठ दुखणाऱ्या गाठीपेक्षा आधी दाखवा. एवढी खूणगाठ प्रत्येक घराने बांधली, तर आजची संध्याकाळ कारणी लागली असे मी म्हणेन.